ताटात परत येतं ते

३ मार्च

प्रिय ऱ्हस्व,

पत्र बघून दचकू नकोस, आहोत ते सगळे जिवंत आहोत. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो, हो, ठीक, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस, आणि मागे सारखा पाण्याचा आवाज. तुमच्याकडे बारा महिने पाऊस पडतो की काय? शिवाय बाबांना फोनवरचं आता काही ऐकू येत नाही. कागद मात्र अजून नाकाशी धरून काना-मात्रेसकट वाचतात. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेले डोळे ते, कानांच्या आधी जायचे नाहीत. म्हणून कागद. (बाबांनी ठेवलेलं नाव अजून चालतं ना तुला? का आता मोठा झालास, दीर्घ म्हणू?)

बाबा जेवत नाहीत.

आई जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ती गेली तशी आधी त्यांची रात्रीची भूक गेली, मग दुपारची. आता चहात बुडवून बिस्किटं. चार दिली तर दोन बशीत तशीच. कवळी काढून खिडकीतल्या ग्लासात ठेवली, ती तिथेच. मी रोज न चुकता त्या ग्लासातलं पाणी बदलते. म्हणजे या घरात बाबांपेक्षा त्यांच्या दातांची बडदास्त जास्त.

काल डॉक्टरांनी वजन केलं, फारच उतरलंय. एप्रिलच्या अखेरीला परत बोलावलंय. तोवर वजन आणखी उतरलं, तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल म्हणाले. बाबांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी बोट नाकाकडे नेऊन दाखवलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते घरी येईपर्यंत वळवलं नाही.

माझं म्हणशील तर सकाळी सातला बाहेर. दिवसभर मशीनवर काजं, एका शर्टाला आठ. संध्याकाळी आले की सूप कर, अंडं उकड, बटाटा कुस्कर. सगळं जसंच्या तसं ओट्यावर. टाकवत नाही म्हणून मग मीच उभ्याने खाते. ते वाळतायत आणि मी फुगतेय. वैताग आलाय रे. परवा मी वाडगा त्यांच्यासमोर आपटला. नंतर मोरीत जाऊन रडले, पण आपटला तो आपटलाच.

आता कामाचं. परवा बाबा आपणहून म्हणाले, "तो तिकडे काहीतरी इटालियन करतो म्हणे. त्याच्या हातचं असतं तर खाल्लं असतं." सहा वर्षांत पहिल्यांदा तुझा विषय काढला. तेव्हा तू एवढ्या मोठ्या हॉटेलात गार पदार्थांचा आचारी आहेस, तर ते पास्त्याचं सॅलड मला नीट लिहून पाठव. मी करीन आणि सांगेन, त्यानेच पाठवलंय. अटी दोनच. स्वस्तात झालं पाहिजे. आणि गारच खायचं असलं पाहिजे, कारण दुपारी त्यांना गरम करून द्यायला घरात कुणी नसतं.

लवकर लिही.

तुझी ताई

११ मार्च

प्रिय ताई,

बाबा खरंच असं म्हणाले? ते वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायचं धाडस झालं नाही.

इटालियन म्हटलं की घाबरू नकोस. निम्मं सामान नुसतं रुबाबासाठी असतं. ती काळी ऑलिव्हची फळं अजिबात आणू नकोस. महाग, आणि दहातल्या आठ ताटांत कडेला लावून परत येतात. पांढऱ्या बारीक बिया घालतात, त्यांचे तर सोन्याचे भाव, आणि सगळं बी तळाच्या तेलात बसून परत येतं. हिरवी पानंही नकोत, लोक कोपऱ्यात ढकलतात. चीजचे चौकोनी तुकडे करू नकोस. थोडंसंच किसून वरून भुरभुरव, ते कधी परत येत नाही.

पास्ता पिळाचा घे, स्प्रिंगसारखा असतो तो. नळ्यांचा घेऊ नकोस. नळीच्या आत जे अडकतं ते काही केल्या निघत नाही. मोठं पातेलं भरून पाणी उकळ, त्यात मूठभर मिठ टाक. दाताला लागेल इतपतच शिजव. आमचे मोठे आचारी दिवसातून पन्नासदा ओरडतात, दाताला लागला पाहिजे, दाताला लागला पाहिजे. मग गाळून, पसरून, तेलाचा हात लावून गार कर. टोमॅटो, काकडी आणि उकडलेले पांढरे चणे घाल. चण्यांनी पोट भरतं आणि पास्ता कमी लागतो.

ऑलिव्हचं तेल आपल्याला परवडायचं नाही. साध्या तेलात चार लसणी ठेचून टाक, मंद आचेवर लसणीचा रंग बदलेपर्यंत ठेव आणि गार होऊ दे. त्यात लिंबू पीळ. सुक्या पानांचा तो वास यायला हवा, त्यासाठी काही विकत आणू नकोस. पिझ्झाबरोबर छोट्या पुड्या येतात, त्या तू खणात साठवतेस हे मला ठाऊक आहे. सहा वर्षांत तुझी सवय काही सुटली नसणार.

मी बरा आहे. कामाचा रगाडा असतो, हात कोरडे व्हायला वेळ मिळत नाही. बाबांनी खाल्लं की लगेच कळव.

तुझा ऱ्हस्व

१७ मार्च

प्रिय ऱ्हस्व,

केलं. फसलं.

नीट सांगते. तुझं पत्र ओट्यावर उघडं ठेवून मी कणभरही इकडचं तिकडे न करता करणार होते. तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे. पत्र मागून घेतलं, टेबलाचा खण उघडला आणि लाल पेन्सिल काढली. आई गेल्यापासून ती पेन्सिल बाहेर आली नव्हती. मला आनंद आवरेना. म्हटलं, करा काय लाल करायचं ते.

"मिठ" कापून "मीठ" केलं. समासात लिहिलं, "दीर्घ. किती वर्षं सांगायचं?" आणि मग "मूठभर"वर अडले. बराच वेळ अडले. शेवटी अक्षर घुसवायची ती खूण केली आणि लिहिलं, "चि गळला आहे. चिमूटभर." मलाही पटलं बघ. मूठभर मीठ घालून माणसाला मारायचंय का? मी चिमूट घातली.

आणि तुझं ते दाताला लागणं! अरे शहाण्या, दात कुठेत? दात ग्लासात. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ना, ती म्हण मी त्या दिवशी प्रत्यक्ष वाडग्यात वाढली. बाबांनी एक पीळ तोंडात घेतला. या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात, दहा मिनिटं. मग हळूच काढून बशीच्या कडेला ठेवला. तुझ्या त्या ऑलिव्हसारखा. मी चाखून पाहिलं तर सगळं अळणी, नुसतं रबर.

राहिलेलं मी तीन दिवस डब्यात नेलं. शेजारच्या मशीनवरची म्हणते, काय गं, डाएट सुरू केलंस? म्हटलं, हो, बापाचं.

"नळी" हा शब्द पुन्हा लिहू नकोस. बाबांनी त्याच्याखाली रेघ मारली आणि माझ्याकडे बघत बसले. वजन मी घरी करत नाही, पण परवा शर्टाचं वरचं बटण लावलं तरी गळ्याशी दोन बोटं जागा राहिली. त्या शर्टाचं काज मीच केलंय, मला कळतं.

दुसरं काही सुचतंय का? नाहीतर राहू दे. तुझंही काम असतं.

ताई

२४ मार्च

प्रिय ताई,

मूठभर म्हणजे मूठभर! त्यांना सांग, "चि" गळलेला नाही. या वेळी चूक माझी नाही, हे जरा ठळक करून सांग.

मीठ पास्त्याला नसतं, पाण्याला असतं. एवढं पाणि, म्हणून एवढं मीठ. नंतर पाणी ओतूनच टाकायचं असतं. आमची पातेली येऊन बघा एकदा. काठाला मिठाची पांढरी रेघ बसते, कोमट पाण्यात भिजत घातल्याशिवाय सुटत नाही. चिमटीने अशी रेघ बसत नाही.

दातांचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलो. त्यावर दोन दिवस विचार केला आणि आठवलं. आमच्याकडे दर बुधवारी एक आजीबाई येतात, तोंडाचं पार बोळकं झालेलं. त्यांचं ताट लख्ख परत येतं, पुसल्यासारखं. मी वाढणाऱ्याला विचारलं, या नेमकं मागवतात काय? तो म्हणाला, कालचं. आदल्या दिवशीचं उरलेलं सॅलड मागतात, निम्म्या पैशांत. ते रात्रभर लिंबू-तेलात मुरतं, टोमॅटोचं पाणी पितं आणि जिभेने दाबलं तरी फुटतं. कामावरचे आम्ही सगळेही कालचंच खातो, पण मी ते कधी दातांशी जोडून पाहिलं नव्हतं.

तेव्हा पास्ता जास्त शिजवू नकोस, त्याचा लगदा होईल. बरोबर शिजव आणि आज केलेलं उद्या दे. चणे ठेचून घाल, काकडी किसून. टोमॅटोची सालं काढ. ती सालं ताटाला अशी चिकटून बसतात की नखाने काढावी लागतात. लिंबू जरा जास्त पीळ. लसणीच्या तेलात हात आखडू नकोस.

एक विचारू? बाबा त्या कार्डाबद्दल अजून काही बोलतात? मी अजूनही छापलेला कागद हातात आला की आधी मात्रा मोजतो. छापखान्यात मला त्यांच्या हाताखाली लावून वर्षसुद्धा झालं नव्हतं. कुणाच्या तरी वडिलांच्या शोकसभेचं कार्ड, आणि छापून आली "शौकसभा". तीनशे कार्डं, वाटून झाल्यावर कळलं. एका मात्रेपायी. मालकांसमोर, सगळ्या कामगारांसमोर बाबा म्हणाले, "हा जन्मभर लोकांची खरकटी भांडी घासणार." मालक हसले होते. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

जाऊ दे. मूठभर घाल.

ऱ्हस्व

२ एप्रिल

प्रिय ऱ्हस्व,

खाल्लं!

अख्खा वाडगा नाही, अर्धा. पण चमचा मी धरला नव्हता, मागे लागले नव्हते, खोलीतसुद्धा नव्हते. मूठभर मीठ घातलं. आदल्या संध्याकाळी करून झाकून ठेवलं आणि कामाला गेले. परत आले तर अर्धा वाडगा रिकामा, आणि बाबांच्या शर्टावर लसणीच्या तेलाचा डाग. डाग बघून इतकं बरं कुणाला वाटलं नसेल. त्या दिवसापासून रोज अर्धा वाडगा. काल तर थोडा जास्तच.

आता दुसरं. हे लिहू की नको, दोन दिवस घोळवतेय.

तुझं दुसरं पत्रही त्यांनी मागून घेतलं. "पाणि"वर लिहिलं, "ऱ्हस्व लिहिलं तर अर्थ हात. पातेल्यात हात उकळू नये." हसले, खरंच हसले. मग पहिलं पत्र काढून दोन्ही शेजारी शेजारी मांडली, जुन्या मुद्रिताशी नवं ताडून बघायचे तशी. आणि शब्दांखाली रेघा मारायला लागले. चुका नव्हत्या रे त्या. "कडेला लावून परत येतात." "तेलात बसून परत येतं." "कधी परत येत नाही." "लख्ख परत येतं." नळीतलं निघत नाही. मिठाची रेघ सुटत नाही. सालं नखाने काढावी लागतात. सगळ्या रेघा समासात एकत्र आणल्या आणि तिथे एकच शब्द लिहिला. "कुणाकडे?"

पेन्सिल खणात टाकली आणि आडवे झाले.

मी ती पत्रं पुन्हा वाचली. आचाऱ्याकडून ताट जातं, बरोबर? मग ते परत कुणाकडे येतं? आणि तेव्हा माझ्या कानात तो पाण्याचा आवाज आला, फोनमागचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालंय माझं. सहा वर्षं ऐकतेय आणि पाऊस समजतेय.

काय काम करतोस तू तिकडे? रागावलेली नाही. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो मशीनवर संपतो.

आणि तुला विचारायचं तर मीही माझं सांगते. बाबांनी तुझा विषय काढलाच नव्हता. "त्याच्या हातचं असतं तर" वगैरे सगळं मी रचलं. तुला लिहायला लावायचं होतं, आणि नुसतं "लिही" म्हटलं असतं तर तू लिहिलं नसतंस. तू ते वाक्य चार वेळा वाचलंस म्हणालास तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. पण हेही खरं, की मी त्यांना "त्याने पाठवलंय" म्हटलं तेव्हाच ती पेन्सिल बाहेर आली.

उत्तर दे.

ताई

१४ एप्रिल

ऱ्हस्व,

उत्तर नाही. फोन बंद.

गेले पाच दिवस पुन्हा बिस्किटं. मी तसंच करते, मूठभर मीठ, रात्रभर मुरलेलं, काही बदललेलं नाही. टपाल येऊन गेलं की बाबा खिडकीतून उठतात आणि आत जाऊन झोपतात. वाडगा तसाच परत येतो. कुणाकडे, ते मला विचारू नकोस.

डॉक्टर २९ तारखेला.

ताई

१९ एप्रिल

प्रिय ताई,

भांडी घासतो.

हे तीन शब्दसुद्धा नाहीत आणि मला सतरा दिवस लागले. सहा वर्षं तेच करतोय. नविन आलो तेव्हा म्हणाले, सहा महिने इथे काढ, मग हातात सुरी देऊ. सहा महिन्यांनी विचारलं तर मोठे आचारी म्हणाले, तुझ्याइतकं लख्ख कुणी घासत नाही, तुला हलवलं तर माझी पंचाईत होईल. आणि मी गाढव खूश झालो. दुसऱ्या वर्षी विचारलं, तिसऱ्या वर्षी विचारलं. मग विचारायचा कंटाळा आला. एक मशिन आहे, पण ती फक्त ग्लासांना. ताटं आणि पातेली माझ्याकडे.

आचारी आहे असं आईला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. एक महिन्याची थाप, म्हटलं तोवर खरी होईल. तिने ती शेजारीपाजारी पोचवली. मग माघार घेता येईना.

ती आजारी असताना मी आलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणालो. मिळत होती. ताई, माझे हात बघशील तर कळेल. बोटांच्या टोकांची सालं गेलीत, सांध्यांवर चिरा आहेत, नखांच्या कडा पांढऱ्या पडल्यात. भाजी चिरणाऱ्याचे हात असे नसतात. तिने हात हातात घेतला असता आणि तिला तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणून आलो नाही. गेल्यावरही आलो नाही, कारण तोवर तुझ्या डोळ्याला डोळा भिडवायची हिंमत गेली होती. हे मी कुणालाच बोललेलो नाही.

बाबा म्हणाले होते तेच झालं, शब्दाला शब्द. माझे वडिल कधी चुकत नाहीत, हे मला लहानपणापासून माहित आहे. त्यांना ते तेव्हाही दिसलं आणि आताही दिसलं, दोन पत्रांत. माझं पितळ उघडं पाडायला त्यांना लाल पेन्सिलसुद्धा पुरी लागली नाही.

तू थाप मारलीस ते ठिक आहे. माझ्या थापेपुढे तुझी म्हणजे चिमूटभर.

एवढंच सांगतो. ते सॅलड मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. मी ते फक्त धुतलंय. लोक काय टाकतात ते मला माहिती, त्यावरून काय लागत नाही ते तुला सांगितलं. हे कळल्यावर बाबा त्याला हात लावणार नाहीत, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पत्र त्यांना दाखवायचं का, ते तू ठरव. न दाखवलंस तर बरं.

ऱ्हस्व

२७ एप्रिल

चि. ऱ्हस्व यास,

तुझं पत्र तिने पास्त्याच्या डब्याखाली लपवलं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका हुडकलेल्या माणसापासून घरात कागद लपत नाही. ती कामावर गेली तेव्हा वाचलं. तिला यातलं काही माहीत नाही, तिच्यावर चिडू नकोस.

पत्रात पाच चुका आहेत. एकही दुरुस्त केली नाही. "वडील"सुद्धा तू लिहिलास तसाच ठेवला. तो नियम तुला कधी पाठ झाला नाही. एकटा असतो तेव्हा "वडील" दीर्घ. पुढे "ना", "चा" असं कुणी लागलं की तोच ऱ्हस्व होतो. तेव्हा तू लिहिलंस ते फारसं चूक नाही.

आता माझी चूक. शौकसभेचं मुद्रित तू पहिल्यांदा वाचलंस, शेवटचं वाचन माझं होतं. ते तू माझ्यापुढे ठेवलंस. चष्मा खिशात होता. जेवायची सुट्टी व्हायची होती, चष्मा काढायचा कंटाळा आला. न वाचता सही केली. छापखान्यात शेवटची सही ज्याची, चूक त्याची, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मालक कार्ड हातात घेऊन आले तेव्हा सगळे बघत होते. माझी तिथे चाळीस वर्षं झाली होती आणि तुझं एकसुद्धा नव्हतं. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. आणि बोट दाखवलेलं खरं वाटावं म्हणून ते भांड्यांचं बोललो.

तुझ्या आईलाही सांगितलं नाही. तू आचारी झालास असं ती सांगायची तेव्हा मला बरं वाटायचं. माझं बोलणं खोटं पडलं, म्हणजे माझी चूक निस्तरली, असं मी धरून चाललो होतो. तुझ्या पहिल्याच पत्रात मला कळलं, निस्तरलेली नाही. "मूठभर"चं "चिमूटभर" मी उगाच केलं नव्हतं. तू बरोबर असशील हे मला सोसत नव्हतं.

तू सतरा दिवस गप्प होतास, मी सहा वर्षं. माझं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे, त्या मानाने ठीक.

काल ती कामावर असताना मी स्वतः ओट्याशी उभा राहिलो. पाणी उकळलं. माझी मूठ आता लहान झाली आहे, म्हणून दीड मूठ मीठ घातलं. टोमॅटोची सालं काढायला अर्धा तास लागला. नखाने काढली. हातांना लिंबू लागून झोंबलं, तेव्हा तुझ्या बोटांच्या चिरा डोळ्यांपुढे आल्या. झाकून ठेवलं, रात्रभर मुरलं. आज ग्लासातली कवळी काढून लावली. सैल झाली आहे, बोलताना वाजते.

परवा डॉक्टर. वजनाचा आकडा ती कळवेल, काय यायचा तो येईल. तू ये. हात खिशात घालून येऊ नकोस.

आज सगळं खाल्लं. वाडगा पुसून खाल्ला. तुला घासायला काही ठेवलं नाही.

बाबा